चमचाभर तेल

एप्रिल-मे महिन्यात दुपारी दोन ते चार या वेळात माझ्या दुकानात येणारी माणसं चिडलेली असतात. सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्या अलीकडे, हायड्रॉलिक पाइप दाबून द्यायचं माझं दुकान आहे. पत्र्याची शेड, पाइपाच्या टोकाला नट दाबून बसवणारं एक क्रिंपिंग मशीन, पाइपाची भेंडोळी, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले नट, निप्पल, ओ-रिंगा. सकाळी येतं ते गिऱ्हाईक. ‘अर्ध्या इंची दोन तारी, सहा फूट, दोन्हीकडं नट’ एवढं बोलून ते चहाला जातं. दुपारचा माणूस मात्र पाइप काउंटरवर आपटतो. ‘बसतच नाही हो हा!’ हे त्याचं पहिलं वाक्य. दुसरं मी इथं लिहीत नाही, ते कपलर बनवणाऱ्याच्या घरच्यांबद्दल असतं.

ज्यांचा ट्रॅक्टरशी संबंध हडपसरला उसाच्या ट्रॉलीमागे अडकण्यापुरता आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ट्रॅक्टरला जी अवजारं लागतात त्यांतल्या काहींचं नुसत्या ओढण्याने भागत नाही, त्यांना तेलाचा दाब लागतो. ट्रॉली मागून उचलून रिकामी करायची तर दाब, पलटी नांगर रानाच्या टोकाला उलटा करायचा तरी दाब. हे तेल ट्रॅक्टरच्या पोटातून पाइपाने अवजाराच्या जॅककडे जातं. अवजार बदललं की पाइप काढायचा-घालायचा, म्हणून मधे कपलर. ट्रॅक्टरकडचा फिमेल, पाइपाकडचा मेल, त्यालाच निप्पल म्हणायचं. म्हातारी माणसं नर-मादी म्हणतात, भोसरीचे कारखानेवाले क्यूआरसी, म्हणजे क्विक रिलीज कपलिंग, म्हणतात. फिमेलची कॉलर मागे ओढायची, मेल आत ढकलायचा, कॉलर सोडायची. आतले छर्रे मेलच्या खाचेत पडतात आणि टक् वाजतं. काढल्यावर तेल सांडू नये म्हणून दोघांच्याही नाकात एकेक छोटा व्हॉल्व्ह असतो, पाठीशी स्प्रिंग. जोडताना ही दोन नाकं एकमेकांना आत रेटतात आणि तेलाला वाट होते.

सगळं जागेवर असेल तर एका हाताने, मागे न बघतासुद्धा जमतं. नसेल तर दोन पैलवान आणा.

आता दाब म्हणजे किती, हे ऐका. कुकरची शिट्टी होते तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा साधारण एक बार दाब जास्त असतो. मोटारीच्या टायरात दोन-सव्वादोन बार. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये १५० ते २००. म्हणून अर्ध्या इंचीचा एक तारी, म्हणजे रबराच्या आत तारेचं एकच जाळं असलेला, पाइप मी ट्रॉलीला देत नाही, गिऱ्हाईक कितीही घासाघीस करू दे. तो १६० बारचा असतो, दोन तारी २७५ चा. वरून दोघंही सारखेच काळे दिसतात, फरक कापल्यावर कळतो, किंवा फुटल्यावर.

एक बार म्हणजे ढोबळमानाने चौरस सेंटीमीटरवर एक किलो. मेलच्या नाकातला व्हॉल्व्ह चौरस सेंटीमीटरभराचा धरला आणि त्याच्या मागे १०० बार दाब कोंडलेला असला, तर ते नाक आत ढकलायला १०० किलोचा रेटा पाहिजे. सिमेंटच्या दोन गोण्या. तेही ट्रॅक्टर आणि नांगराच्या बेचक्यात वाकून, तेलकट हातांनी, कपाळाचा घाम डोळ्यात जात असताना.

मग हमखास प्रश्न येतो, इंजिन तर बंद आहे, दाब आला कुठून? आला कुठून नाही, गेलाच नाही. काढताना ज्याने काढला त्याने तो आतच ठेवला. आणि मागाहून उन्हाने त्यात भर घातली. तेल जवळजवळ दाबलं जात नाही, पण तापलं की फुगतं. अंशाला दहा हजारात सात भाग, म्हणजे काहीच नाही. पण फुगायला जागाच नसेल, दोन्ही तोंडं बंद असलेली लोखंडी नळी असेल, तर एका अंशाला दहाएक बार दाब चढतो. रबरी पाइप स्वतः थोडा फुगतो म्हणून आपल्याला तेवढी सवलत मिळते. तरी पहाटे सहाला टक् करून बसणारा कपलर दुपारी दोनला अडून का बसतो, हे यावरून कळावं. काळा पाइप आणि एप्रिलचं ऊन. लोकांना वाटतं कपलर हट्टी आहे.

आणि मग लोक हातोडी घेतात.

दुपारी आलेल्या पाइपाचं मी आधी नाक बघतो. हातोडीचा घाव चपटा आणि चकचकीत असतो. दगडाचा दाणेदार. फाळावर धरून दाबायला गेलेल्याचं नाक एका अंगाने चेपलेलं असतं. मधोमध बारीक खड्डा असला तर समजायचं, खिळा लावून ठोकलंय. कशानेही ठोका, काठ फुलतो, अळंबी फुलते तसा. मग आतला दाब गेला तरी ते नाक फिमेलमध्ये शिरत नाही. पहिल्या दिवशी अडचण तेलाची होती, दुसऱ्या दिवशीपासून लोखंडाची. माझा धंदा बराचसा या दुसऱ्या दिवसावर चालतो, हे कबूल करायला हरकत नाही.

खिळेवाल्यांना मी हसत नाही, कारण ते मीही केलंय. दुकान टाकून सहा महिने झाले होते. एकाचा पाइप बसत नव्हता, समोर चार माणसं उभी, आणि मला दाखवायचं होतं की मला येतं. निप्पल वाइसमध्ये धरला, जाड खिळा नाकावर ठेवला, एक ठोका. धार माझ्या कानाजवळून गेली आणि वर पत्र्यावर आपटली. आवाज असा, की कोणी मूठभर खडी फेकली असावी. तो डाग अजून आहे. बाकीचा पत्रा राखाडी दिसतो, तेवढा हातभर पट्टा काळा, कारण धूळ तिथे चिकटून राहते. धार कानाऐवजी डोळ्यावर आली असती तर हा लेख कोणाला तरी सांगून लिहून घ्यावा लागला असता.

त्यातही सुटलेल्या धारेपेक्षा न दिसणारी धार वाईट. पाइपाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं आणि पंप चालू असला, तर तेल कातडीतून सरळ आत जातं. काहीतरी टोचल्यासारखं वाटतं. रक्त फारसं येत नाही, दुखतही नाही. माणूस बोट पँटला पुसतो आणि कामाला लागतो. आत गेलेलं तेल तेवढ्या वेळात मांसाची नासाडी करत असतं, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जातं, कधी हात. गळती कुठे आहे ते बघायला चालू पाइपावरून तळवा फिरवणारा माणूस दिसला की मी ओरडतो, मग तो कोणाचाही पाहुणा असो. पुठ्ठा फिरवा. कुठे ओला होतो ते बघा.

एकदा मांजरी गावात बांधकामावर मुरमाची ट्रॉली वर जाऊन तशीच राहिली. ड्रायव्हरने पाइप लावला तेव्हा टक् वाजलं नव्हतं, पण ट्रॉली उचलली जात होती म्हणून त्याने चालवून घेतलं. अर्धवट बसलेल्या कपलरची ही गंमत. वर जाताना पंपाचा रेटा व्हॉल्व्ह उघडून जातो, परत येणारं तेल तोच व्हॉल्व्ह आपल्याच अंगाने मिटवून घेतं. वाट एकाच बाजूची. मी पोचलो तेव्हा ड्रायव्हर पाना घेऊन ट्रॉलीच्या खाली शिरला होता. नट अर्धा सैल केला असता तर वरचं सगळं लोखंड, त्यात चिकटून राहिलेल्या मुरमासकट, त्याच्या पाठीवर आलं असतं. त्याला कॉलर धरून बाहेर काढला. दोन्ही बाजूंना ओंडके ठोकून घट्ट बसवले, ट्रॉलीचा भार घेतील असे, मगच नट बाजूने, हात लांब ठेवून, पाव आटा ढिला केला. तीन तास गेले. मुकादम सारखा विचारत होता, ‘एवढ्याशा पाइपाला तीन तास?’

मागच्या तीन दांड्यांना अवजार अडकवायची जी पद्धत आज जवळजवळ सगळ्या ट्रॅक्टरांना आहे, ती हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसाची. पेटंट १९२६ चं. पुण्यात फर्ग्युसन म्हटलं की कॉलेज आठवतं, पण ते १८८५ चं आणि मुंबईच्या गव्हर्नरच्या नावाचं. हा फर्ग्युसन वेगळा, मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या नावातला. त्याच्या आधी नांगर ट्रॅक्टरच्या मागे साखळीला बांधल्यासारखा फरफटत यायचा. त्याने लोखंडाला लोखंड जोडणं इतकं सोपं केलं की आमच्या गावातलं बारा वर्षांचं पोरगं पिना घालतं. तेलाला तेल जोडायचं काम मात्र अजून सोपं झालेलं नाही. मोशीच्या किसान प्रदर्शनात मी दाबाखालीही जोडता येणारे कपलर पाहिलेत. हातात घेऊन पाहिले, किंमत विचारली, परत जागेवर ठेवले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याने तर हातातही घेतले नाहीत.

तर हे सगळं ज्ञान मी दुकानात रोज फुकट वाटतो. आता माझ्या घरचं सांगतो.

आमचं रान दौंड तालुक्यात, यवतच्या पलीकडे, कालव्याच्या पाण्यावरचं. ऊसच ऊस, आणि हंगामात गुऱ्हाळांचा धूर. वाटणी झाली तेव्हा चुलत्यांकडचा ट्रॅक्टर दादाला गेला, मी माझा वेगळा घेतला. पलटी नांगर तेवढा दोघांत एक राहिला. वर्षातून चार-सहा दिवस लागणारं अवजार, दोन-दोन कशाला? त्यावेळी हे सगळ्यांना शहाणपणाचं वाटलं.

जानेवारीत माझा खोडव्याचा ऊस तुटून गेला आणि मी पलटी लावली. माझ्या वरच्या तुकड्यात दगडगोटा आहे. दोन दिवसांत दोन फाळ पार झिजले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पलटी परत द्यायला दादाच्या वस्तीवर गेलो, तर दादाने आधी फाळ बघितले.

‘तुझ्या रानात झिजले, तू घाल.’

‘पाच वर्षं तुझ्या रानात झिजले ते मग?’

‘ते दोघांचे होते.’

‘आणि हे एकट्याचे?’

वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या होत्या, त्या ओट्यावरूनच परत फिरल्या. मी पलटी गोठ्याच्या मागे टेकवली, इंजिन बंद केलं, पाइप ओढून काढले आणि निघालो. हवेत गारठा होता, स्वेटर घालूनही हात गार पडले होते. चहा राहिला, याचं वाईट निम्म्या वाटेत वाटलं.

त्यानंतर दादाचा फोन आला तो थेट एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. मधे संक्रांतीचा तिळगूळ वहिनींनी पोरांच्या हाती पाठवला होता, तेवढंच. ‘पलटीचे पाइप बसत नाहीत,’ एवढं बोलून दादा थांबला. ये म्हणाला नाही. मी दुकानातून दोन नवे निप्पल, दोन पाने, चिंध्या आणि गॉगल घेतला, गाडीला किक मारली. तीसेक किलोमीटर. रोहिणी नक्षत्राच्या आत त्याला नांगरट उरकायची असणार, आणि ढेकळं तापायला दिवस पाहिजेत. तो काही उगाच फोन करणारा माणूस नाही.

गोठ्यामागे ऊन नुसतं ओतलेलं होतं. पलटीचे पाइप जानेवारीत टाकले तसेच फ्रेमवर पडलेले. हात लावला, चटका बसला. एका निप्पलचं नाक चेपलेलं. दादाचा ड्रायव्हर दुसरीकडे बघायला लागला. दुसऱ्या निप्पलच्या तोंडात मातीचा गोळा, कुंभारीण माशीने घर केलेलं. तोंडाला टोपी नाही, पिशवी नाही, काही नाही.

आधी ट्रॅक्टरकडची बाजू. इंजिन बंद, हायड्रॉलिकची लिव्हर मागे-पुढे चारदा. त्या बाजूचं तेल टाकीत गेलं. फिमेलमध्ये बोट घालून बघितलं, छर्रे धुळीने जाम होते, डिझेल मारून पुसले. मग पाइपांवर ओली पोती टाकली. दादा म्हणाला, ‘ताप आलाय का त्याला?’ मी म्हटलं, ‘तसंच समज.’

पोत्याने पाच-दहा मिनिटांत फरक पडतो, कधी कधी तेवढ्यावरच भागतं. त्या दिवशी नाही भागलं. निप्पल अंगठ्याने दाबून बघितला तर नाक दगडासारखं. मग पलटी जमिनीवर नीट टेकलीय ना, मधली लॉकची पिन आत आहे ना, हे दोनदा बघितलं. दाब सोडल्यावर काहीही हलायला नको. गॉगल चढवला, सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. एक पाना निप्पलला, एक पाइपाच्या नटला, वर चिंधीची घडी. नट थोडासा, घड्याळाचा काटा पाच मिनिटं सरकेल एवढाच. काही नाही. आणखी थोडा. मग चिंधीच्या आत स्स् झालं, कोणी दात मिटून श्वास सोडावा तसं, आणि चिंधी हळूहळू काळी होत गेली.

मला वीस वर्षांत या गोष्टीचं नवल गेलेलं नाही. बाहेर आलेलं तेल किती? चहाचे दोन चमचे असेल नसेल. तेल दाबलं जात नाही म्हणूनच हे असं होतं. हवा असती तर फस्सकन कितीतरी वेळ निघत राहिली असती. इथं दोन चमचे गेले की संपलं. जे नाक हातोडीला दाद देत नव्हतं ते करंगळीने आत गेलं. दादाने स्वतः करंगळी लावून बघितली. परत लावून बघितली.

आणि इथं मी दुकानातल्या सवयीने बोलून गेलो. ‘सोडताना इंजिन बंद करून लिव्हर हलवायची असते, दादा. मागचा दाब काढून मग पाइप ओढायचा. तोंडाला निदान दुधाची पिशवी तरी बांधायची. कुठल्या गाढवाने सोडली होती ही?’

दादा माझ्याकडे बघत राहिला. ड्रायव्हर चिंध्या गोळा करायला लागला.

‘थंडीचे दिवस होते,’ दादा म्हणाला. ‘संध्याकाळची वेळ. एक गाढव आलं होतं लोणीकडून.’

मी नट आवळत होतो, आवळत राहिलो. खरं होतं. शेवटच्या वळणाला पलटी उलटी करून मी लिव्हर तशीच ताणून धरली होती, पंप किंचाळेपर्यंत, फाळांच्या रागाने. इंजिन बंद केलं आणि लिव्हरला हात न लावता पाइप ओढले. जानेवारीच्या गारठ्यात कोंडलेलं ते तेल तीन महिने तसंच बसून होतं आणि चैत्राच्या उन्हाने त्याला फुगवलं. ड्रायव्हरने नाक चेपलं खरं, पण त्याला हातोडी घ्यायला मीच लावली होती. दुकानात मी हे लोकांना इतक्यांदा ऐकवलंय की एकाने माझं नाव लिव्हरमास्तर पाडलंय.

चेपलेला निप्पल बदलला. कुंभारणीचं घर झाडाच्या काडीने उकरून काढलं. आत तिने ठेवलेली हिरवी अळी होती, वाळून गेलेली. व्हॉल्व्हच्या काठाला माती लागली होती म्हणून तोही निप्पल बदलून टाकला. एका पाइपाला लाल टेप, एकाला पिवळी, फिमेललाही तशाच, नाहीतर पाइप उलटसुलट लागतात आणि लिव्हर पुढे केली की पलटी भलत्या बाजूला वळते. मग मी बाजूला झालो आणि दादाला म्हटलं, तू लाव. त्याने कॉलर ओढली, मेल ढकलला. टक्. दुसरा, टक्. इंजिन चालू करून त्याने पलटी एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवली. फाळ नवे होते. मी काही बोललो नाही.

वहिनींनी चहा आणला. या वेळी ओट्यापर्यंत नाही, थेट गोठ्यामागे, स्टीलच्या तांब्यात. सोबत त्या दुधाच्या दोन रिकाम्या पिशव्या घेऊन आल्या होत्या, धुतलेल्या, आणि दोन रबर. बहुतेक माझं बोलणं आत ऐकू गेलं होतं. लांबून ऐकलं की गाढवही ऐकू जातं.

चहा पिऊन मी पाने पुसले. दादाने विचारलं, ‘निप्पलचे किती?’

मी आकडा सांगितला. घेत नाही म्हटलं असतं तर त्याने जबरदस्तीने खिशात कोंबले असते, ते बरं दिसलं नसतं. त्याने खिशात हात घातला, परत काढला. ट्रॅक्टरवर चढून बसला आणि क्लच दाबून माझ्याकडे वळून म्हणाला,

‘फाळाच्या अर्ध्यातनं वजा कर. बाकीचे तुझ्याकडं निघतात.’